बाल्कनीतला टब

गाझियाबादला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा माहितीपत्रकात समोर हिरवंगार उद्यान छापलं होतं. राहायला गेलो तर तिथे वाळू, सळया आणि राडारोडा. पलीकडे नाला आणि त्याच्या काठी बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या. तरी मी खूश होतो. सगळं बालपण लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेल्या माणसाला स्वतःच्या घराचं काय कौतुक असतं, ते मलाच ठाऊक.

त्या वर्षी हट्टाने पुण्याहून शाडूची मूर्ती आणवली. विसर्जन बाल्कनीत, टबमध्ये. बाप्पा विरघळले, माती तळाशी बसली, वर नितळ पाणी राहिलं. हे पाणी पायदळी येऊ द्यायचं नाही, झाडाच्या बुंध्याशी ओतायचं, ही आमची रीत. क्वार्टरसमोर कडुनिंब होता, त्यामुळे कधी प्रश्न पडला नव्हता. इथे नावालाही झाड नव्हतं.

"कुंड्यांत ओतू या ना थोडं थोडं," बायको म्हणाली.

"दोन कुंड्यांत मावणार आहे का ते? महिन्याभरात पार्क होतोय. तिथल्या पहिल्या झाडाला आपल्या बाप्पाचं पाणी!"

मी बोलतोच इतकं ठाम की समोरचा वाद घालायचा कंटाळा करतो. टब तसाच राहिला. आमची सहा वर्षांची मुलगी शाळेतून आली की त्याच्यापाशी बसून दिवसभराच्या तक्रारी बाप्पाला सांगायची.

तिसऱ्या आठवड्यात ती तापली. डेंग्यू निघाला. इस्पितळात रोज रक्त तपासायचे आणि रोज प्लेटलेट्स आणखी उतरलेल्या असायच्या. ती हातातून जाते की काय, या विचाराने मी आयुष्यात घाबरलो नव्हतो इतका घाबरलो. आणि घाबरलो की मी चिडतो. नाल्यावर चिडलो. रोगराई तिथूनच येते, झोपड्या हटवा, असा अर्ज लिहिला आणि इस्पितळाच्या खेपांमधून वेळ काढून टॉवरभर सह्या गोळा केल्या.

मग मलेरिया विभागाची बाई टॉर्च घेऊन दारात आली. मी आधी अर्जच तिच्या पुढ्यात धरला.

"सर, ये मच्छर नाले का नहीं है," ती शांतपणे म्हणाली. "साफ, ठहरे पानी में पलता है. दिन में काटता है. पहले बाल्कनी दिखाइए."

तिने टबात टॉर्च मारला. नितळ पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"सूखी ज़मीन पर उलट दूँ?"

"पूजा का पानी है," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो भगवान से माफ़ी मैं माँग लूँगी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टब मीच खाली नेला आणि भर उन्हात, मजुरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, वाळूत रिकामा केला.

दोन दिवसांनी प्लेटलेट्स चढू लागल्या. मुलगी घरी आली त्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या आंटी भेटल्या. माझ्या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती.

"बेटा, बुखार उसी नाले से आया ना?"

मुलीने माझ्या खांद्यावरची मान उचलली. "बाबा को पूछो. उनको सब पता है."

"हमारी बाल्कनी से," मी म्हणालो.