चार वाजताची फुगडी

माईला खुर्चीत बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती आणि त्या खुर्चीवर भयंकर रागावलेली होती. मये गावात आमची घरं समोरासमोर. मी डिचोलीच्या शाळेत शिकवायची, आणि ही माझी शेजारीण उजाडल्यापासून कधी विहिरीवर, कधी बागेत, कधी कुणाच्या बाळंतिणीकडे. बसायची तिची एकच पद्धत मला माहीत होती. अंगणाकडच्या सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, कडेला जरासं टेकायचं आणि चहा संपायच्या आत उठायचं.

त्या वर्षी काजू गोळा करताना वाळक्या पाल्यावरून तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि म्हापशाहून तिचा मुलगा दिलीप आला. "आई, आतां एकटी रावची न्हय. चवथ जाली की तुका म्हापशां व्हरतां." त्याच्या फ्लॅटला लिफ्ट होती, न्हाणीत धरायला दांडे होते, सून प्रेमळ होती. तक्रारीला जागाच नव्हती, म्हणून माई जास्तच घाबरली. "थंय हांव बरी जातलीं गो बाय," ती मला म्हणाली, "पूण ही माई उरची ना."

मग तिने मुलाला विचारलं, गणपतीच्या चवथीला मी माझ्या पायांनी फुगडी घातली तर? दिलीप हसला. "मागीर राव हांगाच." इथेच राहा म्हणाला खरा, पण आई थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. मला मात्र तसं वाटलं नाही, कारण माई थट्टा करताना कधीच हसल्याशिवाय राहत नसे.

व्यायाम शिकवायला डिचोलीहून एक मुलगी यायची. खुर्चीवरून दहा वेळा ऊठबस, टाचा वर, पाय बाजूला. माई पाचव्या आकड्याला कंटाळायची. पायाला लावायला दिलेला पिवळा रबरी पट्टा पुढच्या आठवड्यात परसात सापडला, दोडक्याच्या वेलाला बांधलेला. "वेलाक आधार जाय आशिल्लो," माई म्हणाली. मुलगी शहाणी. ती रागावली नाही. तिने विचारलं, "माई, तुम्हाला करायला काय आवडतं?"

"फुगडी."

मुलीने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "डॉक्टरांना विचारते. गिरकी नाही, उडी नाही. टाळ्यांची आणि पावलांची करू."

आकडे गेले आणि त्यांच्या जागी माईने शेजारच्या सुमतीचं नाव आणून बसवलं. "उठ गो सुमती, शीत करपलें! बस गो सुमती, घोव भायर गेलो!" अशा दहा ओळी म्हटल्या की दहा वेळा ऊठबस झालेली असायची. आपल्या नावाने काय चाललंय ते पाहायला सुमती आली आणि तिथेच अडकली. महिन्याभरात चार वाजता माईच्या सोप्यावर सात बायका जमू लागल्या. कुणाची साखर उतरली, कुणाला गोळीशिवाय झोप येऊ लागली. सुमती तर वर्षभर अबोला धरलेल्या सुनेशी बोलायला लागली. हे व्यायामाने झालं की आमच्या हसण्याने, ते मला सांगता येणार नाही. वयाने मी सगळ्यांत लहान आणि धाप लागण्यात पहिली. "पांय म्हणजे सोयरे न्हय," माई मला टोचायची, "तांकां रोज काम दिवंक जाय."

सगळेच दिवस असे नव्हते. आषाढातल्या एका दुपारी वॉकर सोडताच तिचा तोल गेला. मी वेळीच धरलं. सोप्यावर बसून ती रडली, आणि तिला समजवायचं सोडून मीही रडले. दुसऱ्या दिवशी चारला सगळ्यांच्या आधी तीच तिथे हजर होती.

चवथीला दिलीप गाडी घेऊन आला. आईची बॅग त्याने आधीच ओसरीवर आणून ठेवली होती. आरती झाल्यावर आम्ही गणपतीपुढे रिंगण धरलं. माईने वॉकर भिंतीला लावला, एका हाताने मला धरलं, दुसऱ्याने सुमतीला. माझं लक्ष गणपतीकडे नव्हतंच, तिच्या पायांकडे होतं. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत टाळी द्यायला तिने आमचे हात सोडले आणि पाऊल न चुकता वाकली, उठली, टाळी दिली. दारात उभा दिलीप कसाबसा म्हणाला, "आई, पुरो."

"हांव दमूंक ना रे. तूंच दमिल्लो दिसता."

दिलीपने बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.

त्यानंतर माई नऊ वर्षं त्याच घरात राहिली. गेल्या वर्षी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मला आईच गेल्यासारखं झालं. बारावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, चार वाजता, आम्ही सगळ्या तिच्या सोप्यावर होतो. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. काय करावं हेही कुणाला सुचत नव्हतं. घर बंद करायला आलेला दिलीप कुलूप घेऊन बाहेर आला आणि आम्हाला पाहून थबकला. मग त्याने कुलूप खिशात टाकलं, चपला काढल्या आणि आमच्यात जागा शोधत विचारलं, "हांव खंय उबो रावूं?"