शरयूची बोटं

टेक्ससमधल्या अर्विंग गावात भारतीय किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी शरयू गुल्हाने एका बोटानं आकडे दाबायची. रांगेतली पोरं कुरकुरायची, "मावशी, जरा फास्ट करा ना यार." शरयू म्हणायची, "थांब न बाप्पा," आणि पुढचं बटण शोधत बसायची.

हीच शरयू अकोल्याच्या टायपिंग क्लासात सगळ्यांत वेगवान होती. सर कळांवर फडकं टाकायचे, तरी हिचाच कागद आधी निघायचा. टेक्ससला आल्यावर तिनं कोर्स केला आणि हॉस्पिटलात कॅन्सरवर किरण सोडणाऱ्या मशीनवर लागली. माहिती टाइप करायची, बटण दाबायचं. पाठीवर गाठ असलेला अर्ल नावाचा म्हातारा बस ड्रायव्हर तिला स्पीडीच म्हणायचा. "स्पीडी, मी शर्ट काढेस्तोवर तुझं काम आटपलेलं असतं."

मशीन सारखं अडायचं. पडद्यावर एरर यायची. तिचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. मशीनवरच्या सगळ्याजणी मुकाट 'पुढे चल'चं बटण दाबायच्या.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एकदा अर्ल आतल्या बंद खोलीत मशीनखाली पालथा पडलेला असताना बाहेर बसलेल्या शरयूच्या हातून खोल जाणाऱ्या किरणांचं अक्षर पडलं. हवे होते वरवरचे. पापणी लवायच्या आत तिनं ते बदललं आणि किरण सोडायचं बटण दाबलं. मशीन अडलं. तिनं सवयीनं 'पुढे चल' दाबलं. आतून दारावर मुठी आपटल्या. दार उघडलं तर अर्ल लटपटत उभा.

"बॉनेट उघडल्यावर वाफ अंगावर यावी तसं झालं," तो म्हणाला. "दोनदा."

मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. मशीन जास्त डोस देऊच शकत नाही, पेशंट हलला असेल, असं सांगून गेला. अर्लची पाठ काळी पडली, मग सडायला लागली.

शरयूनं रिकाम्या खोलीत तीच चूक पुन्हा तशीच झटक्यात दुरुस्त केली. पडद्यावर दुरुस्ती दिसली, पण आतल्या यंत्राला तिची बोटं गाठता आली नव्हती. किरण खोलवरच्याच जोरानं सुटले. किरणांच्या डोसचा हिशेब सांभाळणारे चंद्रशेखर सर शेजारीच उभे होते.

"मग तू सावकाश टाइप कर, प्रॉब्लेम संपला," सर पुणेरी शांतपणे म्हणाले. "बाकीचं वकील बघतील. अर्लला काही बोलायचं नाही."

"सर, तो सोतालेच दोष देऊन रायला."

"देऊ दे. त्यानं दुखणं थोडंच वाढतंय?"

घरी नवरा दिगंबर म्हणाला, "सिटिझनशिपची मुलाखत व्हायची हाये. तोंडाले कुलूप लाव."

ती तरी वॉर्डात गेली. अर्लची बायको त्याच्या ओठांना बर्फ लावत होती.

"जन्मभर बस चालवली, स्पीडी," अर्ल म्हणाला. "आणि नुसतं पडून राहायला जमलं नाही मला."

"तुम्ही नाही हललात. मी घाई केली, मशीन चुकलं, आणि मी परत बटण दाबलं."

अर्ल बायकोला म्हणाला, "ऐकलंस? मी हललो नव्हतो."

बायकोनं बर्फाची वाटी खाली ठेवली. "आता जा तू इथून," ती शरयूला म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलनं शरयूचा बिल्ला काढून घेतला, नोकरी गेली. अर्ल नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी गेला. मशीनवर नवी मुलगी आली. तिला एवढंच सांगितलं, सावकाश टाइप करत जा. का, ते सांगितलं नाही.