बाईंनी बसवलेली अंडी

कोंबडी खुडूक झाली की तिला दुसरं काही सुचत नाही. खाणं सोडते, पिसं फुलवून कोपरा धरते, जवळ गेलं की टोचते. अशा कोंबडीखाली अंडी ठेवायची आणि एकवीस दिवस दाणापाण्यापुरतं तिला उठवायचं, एवढंच ते काम. पण आमच्या सासरी अंडी कोणी बसवायची याला मोठा मान होता. जिच्या हाताला यश, तिनंच बसवायची. हातगुण म्हणायचे त्याला. सासूबाई स्वतःच्या हातगुणावर एवढ्या खूश होत्या, की दुसऱ्या कुणाला टोपल्याला बोट लावू द्यायच्या नाहीत.

वडीगोद्रीच्या रस्त्यावरून आत आमची वाडी. ऐंशी सालाच्या पुढची पाच-सहा वर्षं गेली असतील, माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. घरात सासू-सासरे, थोरले दीर, त्यांची बायको आणि आम्ही दोघं नवरा-बायको. जावेला मी बाई म्हणायचे. बाईंची दोन बाळंतपणं झाली होती आणि दोन्ही लेकरं पुऱ्या दिवसांची असून मेलेलीच जन्मली होती. त्यांच्यासमोर कुणी काही बोलत नव्हतं. माघारी मात्र हसनाबादकडची, सासूबाईंच्या नात्यातली एक पोरगी दिरांसाठी बघूनसुद्धा झाली होती. एकटे सासरेच आडवे येत होते. अजून एक वर्ष थांबा म्हणायचे.

त्या हिवाळ्यात तांबडी कोंबडी खुडूक झाली आणि सासूबाई सगळ्यांच्या देखत बाईंना म्हणाल्या, यंदा तू बसव. हसत म्हणाल्या, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पिल्लं निघाली तर सासऱ्यांचं खरं, बाईंच्या हाताला यश आहे. नाही निघाली तर हसनाबादला निरोप जाणार. असं कुणी उघड बोललं नाही, पण घरातल्या मांजरालाही ते कळलं असेल. मला सासूबाईंचा इतका राग आला, की काय सांगू! कोंबडीच्या अंड्यांचा आणि बाईच्या पोटाचा काय संबंध? पण मी पडले नवी सून.

बाईंनी तेरा अंडी निवडली. टोपल्यात राख, वर भुसा, भुशात एक लोखंडी खिळा, म्हणजे आभाळ गडगडलं तरी अंडी दचकत नाहीत. आठव्या दिवशी भर दुपारी त्या मला मधल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं की तिथं गच्च अंधार व्हायचा आणि पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप तेवढी खाली यायची. त्या तिरीपेत अंडं धरायचं. जिवंत अंड्यात काळा ठिपका दिसतो, त्याला लाल दोरे फुटलेले असतात. रिकामं असलं तर नुसतं पिवळं दिसतं. दोन रिकामी निघाली, अकरा जिवंत. शेवटचं अंडं बाईंनी किती तरी वेळ धरून ठेवलं. "हाललं बघ गं," म्हणाल्या. मी म्हणाले, बाई ठेवा आता, गार पडेल. त्या ठेवीनात. लग्न झाल्यापासून बाईंना इतकं खूश मी पहिल्यांदाच बघत होते.

अठराव्या दिवशी त्यांची पाळी आली. आमच्याकडं तेव्हा चार दिवस बाहेर बसावं लागायचं, गोठ्याजवळच्या सोप्यात घोंगडीवर. घरात यायचं नाही, कशाला शिवायचं नाही. टोपलं माझ्याकडं आलं. बाईंनी लांबूनच मला बजावलं, दाणा टाक, पाणी ठेव, अंड्याला हात लावू नको. आणि मग स्वतःच दर घटकेला विचारायच्या, कोंबडी नीट बसलीय ना, काही आवाज येतो का. त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. त्यांच्याकडं बघून मलाच राहवेना.

माझ्या माहेरी आई शेवटच्या दिवसांत अंडी कोमट पाण्यात सोडून बघायची. आत पिल्लू जिवंत असलं की अंडं पाण्यावर आपोआप हलतं. मी म्हटलं, आपण बघावं आणि बाईंना जाऊन सांगावं. खरं सांगायचं तर मला मिरवायचंही होतं, की हे मला येतं. दुसऱ्या दिवशी सगळे शेतात गेल्यावर अंघोळीचं चुलीवर उरलेलं कढत पाणी घमेल्यात ओतलं, थोडं गार पाण्याचं विसण घातलं, बोटं बुडवून बघितली. कोमट लागलं. आई कोपर बुडवायची, हे मला माहीत होतं. पण कोपरच का, ते मी कधी विचारलंच नव्हतं. आमची बोटं म्हणजे तापल्या तव्यावरची भाकरी उलथणारी बोटं. त्यांना पाणी काय भाजणार?

अंडी सोडली आणि ती जी हलायला लागली! अकराच्या अकरा. एकमेकांवर आपटत होती. मी घमेल्यापुढं उकिडवी बसून एकटीच हसत होते. मग एक थांबलं, मग दुसरं. मला वाटलं, दमली असतील. सगळी थांबली तेव्हा पुसून कोंबडीखाली ठेवली आणि सोप्याकडं जाऊन सांगितलं, सगळं बराबर आहे बाई, काळजी करू नका. पाण्याचं बोलले नाही, हात लावला म्हणून रागावतील म्हणून.

एकविसावा दिवस गेला. बावीस, तेवीस. बाई न्हाऊन घरात आल्या होत्या आणि टोपल्याजवळून हलत नव्हत्या. कान लावून ऐकायच्या. माझी पाचावर धारण बसली होती, कारण पाणी फार कढत होतं, हे तोवर मला उमगलं होतं. चोविसाव्या दिवशी सासूबाईंनी टोपलं अंगणात आणलं आणि एक अंडं दगडावर फोडलं. आत पुरं पिल्लू होतं. पिसं आलेली, चोच आलेली, नखंसुद्धा. दुसरं फोडलं, तसंच. सगळी फोडली. बाई खांब धरून उभ्या होत्या.

"पुऱ्या दिवसाचं व्हतं अन् मरतं," सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या. "आता तरी पटलं का? हिच्या हातातच हाय ते."

सासरे उठून बाहेर गेले. मी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं, पाणी मी घातलं. पण मला तिसरा महिना होता. हातगुणाचं बोट माझ्याकडं वळलं असतं, माझ्या पोटाकडं वळलं असतं. कोंबडीचा आणि पोटाचा संबंध नाही म्हणणारी मी, त्या वेळी मलाही तो संबंध खरा वाटला. बाईंनी अंगण झाडलं, कवचं नि पिल्लं उकिरड्यावर टाकली, आणि आठ दिवसांत त्यांचा भाऊ त्यांना न्यायला आला. हसनाबादची आली. तिला लेकरं झाली, मला झाली. बाईंवरचा शिक्का पक्का झाला.

वीसेक वर्षांनी एका बारशाला अंकुशनगरला गेले. बाईंचा भाऊ तिथं कारखान्यावर कामाला होता, त्याच्याच नातवाचं बारसं; बाळाची आई माझ्या माहेरच्या नात्यातली. बाई भावाजवळच राहायच्या. घरभर राबत होत्या, चुलीपासून अंगणापर्यंत, पण पाळण्याकडं फिरकत नव्हत्या. बायका म्हणाल्या, त्या कुणाचंच तान्हं लेकरू घेत नाहीत, स्वतःच म्हणतात, माझा हात नको. जेवणं झाल्यावर बाई परसात भांडी घासत होत्या, तिथं जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. घमेलं, पाणी, बोटं, सगळं.

त्या परात घासतच राहिल्या. मग विचारलं, "हालली व्हती का?"

"हालली व्हती, बाई. अकराच्या अकरा."

"मंग माझ्या हातात जित्ती व्हती."

मी पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय मागं घेतले. घरात पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. आसपास कुणी नव्हतं. बाई उठल्या, पदराला हात पुसले, पाळण्यापाशी गेल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग दारात येऊन त्यांनी बाळाच्या आईला हाक मारली.