काढ्यातलं ज्येष्ठमध

गळा बसला की गालात ज्येष्ठमधाची काडी धरायची, हे मी गाणं शिकायला लागल्यापासून करत आलेय. पर्समध्ये घराची किल्ली एकवेळ नसेल, काड्यांची डबी असतेच. त्यामुळे दुबईच्या करामा भागातल्या चिनी वैद्यांच्या दवाखान्यात काढ्याचा पहिला घोट घेतला आणि मला हसूच आलं. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. वैद्य म्हातारे, इंग्रजी जेमतेम. म्हणाले, हे मूळ ते बहुतेक काढ्यांत घालतात. बाकीची औषधं भांडतात, हे त्यांना एकत्र नांदवतं.

तिथे मला माझ्या मैत्रिणीने नेलं होतं. अल मनखूलमध्ये आम्ही अठरा वर्षं एकाच मजल्यावर राहतो. गाण्याचे कार्यक्रम ती ठरवते आणि मी गाते. कार्यक्रम महिन्यावर आला होता आणि एसीने म्हणा, धुळीने म्हणा, माझा आवाज पार बसला होता. मी चष्मा घरी विसरले होते, म्हणून दवाखान्याचा फॉर्म तिनेच भरला. "यल्ला, चल, इथे सही कर," म्हणाली. मी केली. आमचा भाडेकरारसुद्धा दरवर्षी तीच वाचते.

दोन आठवड्यांत आवाज मोकळा झाला. पाय मात्र सुजले, डोकं ठणकायला लागलं आणि एका सकाळी पलंगावरून उठताना पायांत जोरच नव्हता. हॉस्पिटलात नर्सने माझं बीपी बघितलं आणि खात्री करायला दुसरं मशीन आणलं. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं होतं. बीपीच्या गोळीखेरीज आणखी काही घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हटलं. काढा आणि काडी यांना आपल्याकडे औषध कोण म्हणतं?

"मम्मा, यू च्यू दॅट स्टिक ऑल डे," मुलगी म्हणाली. "अँड दॅट चायनीज थिंग, ट्वाइस अ डे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ज्येष्ठमध रोज इतकं पोटात गेलं तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी मैत्रीण धावत आली. माझा हात हातात घेऊन तिने आधी विचारलं, "आवाज कसा आहे गं?" मला भरून आलं.

घरी सोडल्यावर मी तडक त्या वैद्यांकडे गेले. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच गेले होते. त्यांनी माझा फॉर्म काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. उच्च रक्तदाब आहे का? 'नाही' समोर खूण होती. वर सगळं तिचं गोल अक्षर आणि खाली माझी सही. "यू टेल मी, आय नॉट गिव्ह," ते म्हणाले. रागवायला गेलेली मी त्यांची माफी मागून परतले.

माझी बीपीची गोळी प्रत्येक कार्यक्रमात तिच्याच पर्समध्ये असते. मध्यंतरात पाण्याबरोबर तीच हातावर ठेवते. त्याच संध्याकाळी ती चहाला आली तेव्हा मी सरळ विचारलं, "तू 'नाही' का लिहिलंस?"

"अगं, 'हो' लिहिलं असतं तर त्याने काढा दिलाच नसता. माझ्या जावेला तसंच परत पाठवलं होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हॉल घेऊन ठेवला होता, सगळ्यांना कळवलं होतं. तुझ्या जागी कुणाला उभं करणार होते मी? आणि आता बरी आहेस ना? मग खलास."

हॉस्पिटलात तिने आधी काय विचारलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. आवाज अगदी छान लागला होता. त्याच आवाजात मी तिला उठून जायला सांगितलं.