कापूसवेचणीचा नाच

अमरावतीहून आलेलं ते कार्ड मी तीनदा वाचलं, तरी माझं समाधान होईना. मी तेव्हा अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. कार्ड लिहिणारी बाई नर्तकी होती. मूळची पुण्याकडची, दूर उत्तरेत कुठे तरी नव्या पद्धतीचं नृत्य शिकून आलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती अमरावतीला तीन आठवड्यांचं शिबिर घेणार होती. तिने लिहिलं होतं, "तुम्ही पूर्वी कापूस वेचण्याचा नाच बसवला होता असं कळलं. तो घेऊन या. आपण तो पुन्हा उघडून पाहू."

हिला हे सांगितलं कोणी? तो नाच कधी लोकांसमोर झालाच नव्हता. अकरा वर्षांपूर्वी गॅदरिंगच्या आदल्या दिवशी शाळेच्या कमिटीतले दोन गृहस्थ तालीम पाहायला आले होते. नाचात मुली कमरेच्या फडक्यात कापूस भरत जायच्या, झोळी पोटासारखी फुगायची, आणि मग सगळ्या जणी एकदम दोन्ही हात वर करून उभ्या राहायच्या. "शाळेतल्या मुलींना गरोदर बायका करून नाचवता?" एका गृहस्थांनी विचारलं. नाच तिथेच बंद झाला. त्यानंतर मी त्याचा विषय कुणाजवळ काढला नव्हता.

तरी मी गेले. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला ताईकडे उतरले. ताई मोठ्या घरात दिलेली. तिच्या सासरचं वावर, कापसाचं शेत, भातकुलीजवळ होतं.

"तुलेच काहून बोलावलं तिनं?" ताईने पाणी देता देता विचारलं. "या बाहेरच्या बाया फुकट काही करत नाहीत. काही तरी नेतात."

माझ्याही मनात तेच होतं.

शिबिर एका शाळेच्या सभागृहात सकाळी सहाला सुरू व्हायचं, ऊन तापायच्या आत. आम्ही नऊ बायका होतो, बहुतेक शिक्षिका. त्यातली एक माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. लग्न होऊन अमरावतीला आली होती. कार्डाचं मूळ मला तिथेच सापडलं. ती लाजून हसली. मला काही हसू आलं नाही.

नर्तकी बाई चाळिशीची, उंच, आवाज बसका. घुंगरू नाहीत, पेटी नाही, गाणं नाही. पहिले दोन दिवस तिने आम्हाला नुसतं चालायला लावलं. विहिरीवर जाताना कशा चालता, घागर भरल्यावर कशा, कुणी रागावलं की कशा. आणि आम्ही चालत असताना ती एका लाल वहीत भराभर काही तरी काढत असायची. माझी पाळी आली की तिची पेन्सिल जास्त चालते असं मला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी मी नाच दाखवला. सुरुवात दाखवली, शेवट दाखवला. मधला भाग, झोळी भरल्यावर हात वर करण्याचा, मुद्दाम गाळला.

तिने वही मिटली. "मधून काही तरी निघून गेलंय."

"अकरा वर्षं झाली," मी म्हटलं. "विसरले."

"डोकं विसरलं असेल. तुमचे खांदे मध्येच थांबतात, ते विसरले नाहीत."

मला राग आला. हिला माझ्या खांद्यांशी काय करायचं होतं? त्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्या बाहेर माठाजवळ गेल्या तेव्हा मी तिची वही उघडली. कुणाची वही अशी उघडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आत आमच्याच आकृत्या होत्या, चार चार रेघांच्या. माझी पाच पानं भरली होती. शेवटच्या पानाखाली लिहिलं होतं : हे हिला कुणी शिकवलं?

"वाचलंत ना?" ती दारात उभी होती. "मग उत्तरही द्या."

माझे कान तापले. पण तोंडातून निघालं ते उलटंच. "तुम्ही हे मुंबईला नेऊन दाखवणार. म्हणून उतरवून घेताय."

"दाखवीनही. तुमचं नाव सांगून दाखवीन," ती म्हणाली. "तुम्ही कुणाचं नाव सांगितलं होतं?"

 उत्तर मला पक्कं माहीत होतं. ताईच्या सासरच्या वावरात दिवाळीच्या सुट्टीत मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते. वेचणाऱ्या बायांमध्ये एक दिवस भरत आलेली होती. तरी तिचे हात सगळ्यांत चपळ. मी दोन दिवस तिचेच हात पाहिले आणि घरी येऊन नाच बसवला. पुढे तिचं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

हे सांगितल्यावर नर्तकी बाईने एवढंच म्हटलं, "जिवंत आहे का?"

रविवारी आम्ही दोघी बैलांच्या दमणीत बसून भातकुलीकडच्या त्या गावी गेलो. ताईला मी देवाला जाते म्हणून सांगितलं. ती बाई घरामागे पऱ्हाट्या रचत होती, कापसाची वाळकी झाडं चुलीसाठी. आम्हाला पाहून तिने हातातली मोळी खाली ठेवली नाही.

"कोनं धाडलं तुमाले? मालकिणीनं?"

"कुणी नाही. आम्ही अशाच आलो."

"अशी कोनी येत नाही." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी त्याच ना? धुऱ्यावर बसून व्हत्या त्या दिवशी."

मी हो म्हटलं. ती वळून पऱ्हाट्या रचू लागली. नर्तकी बाई खाली मातीत बसली आणि मला म्हणाली, "दाखवा त्यांना." त्या अंगणात, भर उन्हात, मी रिकाम्या हातांनी कापूस वेचायला लागले. ती बाई हसली.

"फुलं तोडून राहिल्या का? वरून हात घातला तर बोंडाची नखी लागते. खालून घाला."

तिने मोळी टाकली आणि दाखवलं. तीन बोटं खालून, हलका पीळ, कापूस आपोआप तळहातात. मी केलं, तिने माझं मनगट धरून सुधारलं. मग मी झोळी भरली आणि दोन्ही हात वर केले. अकरा वर्षांनी पहिल्यांदा.

तिचं हसू गेलं.

"हे कोनी सांगतलं तुमाले? म्या हात वर नाही केले."

त्या दिवशी काय झालं होतं ते मी नर्तकी बाईला सांगितलं नव्हतं. आता त्या बाईनेच सांगितलं. ताईच्या सासूला वाटलं की ही लुगड्याखाली कापूस लपवून नेते. सासूने तिला सगळ्यांसमोर उभं केलं, झोळी सोडायला लावली आणि पोट चाचपलं. पोटात लेकच होती. मी दहा हातांवर बसले होते.

"हात वर कर म्हने. म्या नाही केले," ती म्हणाली. "दोन्ही हात पोटावर धरले अन् तिच्याकडं पायलं." तिने तसं उभं राहून दाखवलं.

मी हात वर केलेले पाहिले होते. शपथेवर सांगितलं असतं. सासूने हुकूम दिलेला ऐकला आणि पुढचं माझ्याच मनाने पाहिलं असावं. तिने मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. तिने तेवढाही लावला नाही.

निघताना नर्तकी बाईने तिचं नाव विचारलं.

"नाव नका लिहू. येत्या हंगामात मालकीन कामाले बोलावनार नाही." मग माझ्याकडे बोट करून, "यायच्यावर भरोसा नाही माहा."

राहिलेल्या दोन आठवड्यांत नाच वेगळाच झाला. बोटं खालून जाऊ लागली. शेवटी नऊ जणी पोटावर हात ठेवून पाहणाऱ्यांकडे नुसत्या पाहत उभ्या राहायच्या, हालचाल नाही, आवाज नाही. अखेरच्या सकाळी तीसेक माणसं पाहायला आली. ताईही आली होती. आम्ही तशा उभ्या राहिलो तेव्हा ती माझ्याकडे न पाहता जमिनीकडे पाहत होती.

घरी तिने ताट वाढलं. "ते आमच्याच वावरातलं व्हय ना?"

"हो."

"माह्या सासूच्या कानावर गेलं तर?"

"तू सांगशील का?"

ती भाकरी वाढत राहिली. तिने सांगितलं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. नर्तकी बाईने नाच मुंबईला दाखवला का, तेही कळलं नाही. तिची दोन पत्रं आली, दोन्हीत त्याचा उल्लेख नव्हता. न लिहिण्याचं कारण काय असेल, यावर मी पुष्कळ तर्क केले.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी भातकुलीजवळच्या वावरात गेले. वेचणीला ती होती. म्हणजे बोलावलं होतं. मी फडकं कमरेला बांधलं आणि तिच्या शेजारची ओळ धरली. तिने पाहिलं, नको म्हटलं नाही. दुपारी बाया भाकऱ्यांची फडकी सोडून बसल्या, ती माझ्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला बसली. माझी बोटं सोलली होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती आपली ओळ संपवून परत वळली, माझी अर्धी राहिली होती. ती समोरच्या टोकापासून माझ्या ओळीत शिरली आणि वेचत वेचत माझ्याकडे येऊ लागली.