बैलदेवाचं आवतन

टेम्पोत भरलेला कापूस पाहून आमचे साहेब म्हणाले, "मार्केट यार्ड पुढे आहे. हे म्युझियम आहे."

"म्हाईत हाय," शंकरकाका म्हणाले. "देवाले न्यायले आलो. कापूस सालभरापासून घरीच पडून हाय. भाव नाही, तं म्हटलं देवालेच गादी करू."

शंकरकाका झरी जामणीकडचे शेतकरी. त्यांचा देव म्हणजे आमच्याकडचा चुनखडीचा एक तुकडा, प्राचीन देवळाच्या दारचौकटीचा. त्यावर वशिंडाचा बैल कोरलेला. रस्त्याच्या कामात तो जागेवरून हलवावा लागला आणि यवतमाळला आमच्या म्युझियममध्ये आला. त्याआधी पोळ्याला गावची प्रत्येक बैलजोडी आधी त्याच्यापुढे न्यायचे. दुसऱ्या दिवशी पोळाच होता.

वस्तू हलवण्याआधी आम्ही कंडिशन तपासतो, म्हणजे ती कुठे कमजोर आहे ते पाहतो. मी टॉर्च तिरका धरला. बैलाच्या मानेत आरपार चीर दिसली.

टेम्पोवाले रशीदभाई डोकावले. "काका, या रस्त्यानं येता येता मेरी कमर गई. हा तं आधीच फुटेल हाय."

"अन् मी गावाले काय सांगू? सारे वेशीवर उभे राह्यतीन. शब्द देऊन आलो मी."

"परवानगी नाही. विषय संपला," साहेब म्हणाले.

काका खालीच बसले. मी विचारलं, "काका, नेऊन करता काय?"

"आज खांदशेकणी. बैलाच्या खांद्याले हळद-तेल लावतो, शेकतो अन् उद्याच्या जेवणाचं आवतन देतो. घरच्या बैलांले आवतन, अन् मोठ्यालेच नाही! बरं दिसते काय?"

"तेल नको. चुनखडी तेल पिते, मग ते निघत नाही. पण आवतन इथंच दिलं तर?"

काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "हात न लावता द्या."

काकांनी चपला काढल्या. बैलाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अन् नाही आला तं?" रशीदभाई.

"येईन नाहीतं नाही येईन. मोठा हाय तो. बोलवाचं काम आपलं."

गावानं ते मानलं. पुढे दरवर्षी खांदशेकणीला कोणी ना कोणी यायचं, आणि साहेब त्या दिवशी कधी रजा टाकत नसत. माझी बदली झाली. आता ज्या म्युझियममध्ये आहे, तिथे दगड पुष्कळ आहेत, बोलवायला कोणी येत नाही.

कोणी वस्तू मागायला आलं, की मी आधी विचारते, नेऊन करायचं काय? बऱ्याचदा वस्तू हलवावीच लागत नाही.