गार पाण्यातली ओळख

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझा एक स्तन काढावा लागला. त्यानंतर वर्षभर मी नवऱ्यासमोरसुद्धा कपडे बदलले नाहीत. इथे आयर्लंडमध्ये, लेटरकेनीच्या हॉस्पिटलात मी ज्या वॉर्डात होते तिथली नर्स एक दिवस तपासणीच्या वेळी म्हणाली, "आम्ही काही बायका रविवारी समुद्रात पोहतो. अंगावर काही न घालता. तू ये. पाणी गार असतं, बाकी सगळं ग्रँड."

मी गेले. टॉवेल सोडताना वाटलं, आता सगळ्या बघणार. पण थंडी इतकी होती, की जिची तिला पडलेली.

पाण्यात माझ्या शेजारी सत्तरीची एक बाई होती. तिच्या पोटावर टाक्यांची लांब रेघ होती. माझ्या छातीकडे सरळ बघत तिनं विचारलं, "अजून दुखतं का?"

"थंडीत थोडं."

"माझंही," ती म्हणाली. मग आम्ही पार्किंगच्या अडचणीबद्दल बोलत राहिलो. वर्षभरात मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी सुपरमार्केटमध्ये एका बाईनं हसून हाक मारली. तिनं कोट घातला होता, त्यामुळे मी तिला ओळखलंच नाही. "रविवारी पाण्यात तुझ्या शेजारी होते," अशी तिनं ओळख दिली आणि चहाला घरी बोलावलं. या गावातली माझी ती पहिली मैत्रीण.